जिताड्यांचं तळं

सकाळी सातच्या सुमाराला गव्हाण गावातल्या तळ्यातले जिताडे तोंडं वर काढून तडफडू लागले. पाण्यात हवा घालणारं यंत्र घरघरत होतं, पण मासे काही खाली जाईनात. रंभाने तीन वर्षं ते लेकरांसारखे जपले होते. मागची खेप मेली तेव्हा तिने मुलाला, परेशला, शब्द दिला होता. हेही मेले, तर तळ्यात भराव टाक आणि बांध तुझे गाळे. आज मासे तडफडताना पाहून परेशने लगेच डंपरवाल्याला फोन लावला.

खरं तर काल संध्याकाळी तोच आईच्या मदतीला धावला होता. मीटरवर पीएच चढलेला दिसला, म्हणून त्याने दोन कॅन ॲसिड तळ्यात ओतलं. दिवसभराच्या उन्हानंतर तळ्याचा पीएच चढतोच, हे त्याला कोण सांगणार? हातात मीटर आलं की माणूस शहाणा होतो.

सून अंकिता बांधावर आली. ती पनवेलच्या शाकाहारी घरातली, शाळेत विज्ञान शिकवणारी. मासळीच्या वासाने तिला अजून मळमळायचं, त्यामुळे तळ्याच्या कामात तिला कुणी विचारत नसे. तिने रिकामे कॅन पाहिले.

"आई, हवा कमी नाही पडलेली. खायच्या सोड्यावर लिंबू पिळलं की कसं फसफसतं? तळ्यात तेच झालंय. पाण्यात मुरलेला कार्बन डायऑक्साइड ॲसिडने मोकळा केला. मासे त्याने गुदमरतायत. चुना घातला की तो परत बांधला जाईल."

"शाळेतलं शाळेत ठेव," परेश म्हणाला.

"तू गप रं. तुजं ॲसिड बघितलं आमी," रंभा म्हणाली. "पोरी, चुना किती लागंल?"

घर रंगवायचा चुना पडवीत होताच. अंकिताने नाकाला ओढणी बांधून तो बादल्यांत कालवला. थोडा शिंपडायचा, मीटर बघायचं, थांबायचं. तासाभराने एक तोंड पाण्याखाली गेलं. मग दहा. मग पाण्यावर एकही मासा उरला नाही.

"गेले सगळे," परेश पुटपुटला.

रंभाने मूठभर बारकी मासळी फेकली. पाणी फाटलं आणि हातभर लांबीचा जिताडा चकाकत वर उसळला. मागून दुसरा, तिसरा. रंभाला रडू आवरेना. तिने मासळीच्या हातांनीच सुनेला मिठी मारली. अंकिता हसत होती.

तेवढ्यात रस्त्यावर डंपर थांबला. "शेठ, भराव कुठं खाली करू?"

परेशने तळ्याकडे पाहिलं, मग बायकोकडे.

"भराव परत ने," तो म्हणाला. "आणि येताना चुन्याची दोन पोती घेऊन ये."