कुरुळीच्या विहिरीतले खडे

१९५७ साली चिमाजीकाकांनी कुरुळीच्या मळ्यात विहीर खणायला घेतली, तेव्हा पुण्याच्या प्रयोगशाळेत काम करणारी त्यांची पुतणी शालन थराथरातले चुनखडीचे खडे वेचून घेऊन गेली. खड्यातल्या ऑक्सिजनचे जड-हलके अणू मोजले, की हजारो वर्षांपूर्वी तो खडा जमिनीत तयार झाला तेव्हा जमीन किती ऊन होती ते कळतं. मोजणी परदेशात व्हायची.

सगळे थर चोवीस-पंचवीस अंशांचे निघाले. सात हात खोलीवरचा मात्र सदतीस, माणसाच्या अंगाइतका.

"चुन्याच्या भट्टीवरचे खडे उचलून आणलेस ना?" प्रयोगशाळेचे प्रमुख गोडबोलेसर यांनी चष्म्यावरून पाहिलं. "लबाडी करणाऱ्याला इथे नोकरी नाही."

"देवाशप्पथ नाही, सर."

सर स्वतः विहिरीत उतरले. त्याच थरातला खडा काढून त्यांनी डबीत घातला आणि वर लाखेची मोहोर लावली. वर आल्यावर काकांनी हळूच विचारलं, "सायेब, त्याचं अंग गरम लागलं व्हय?"

तीन महिन्यांनी परदेशातून उत्तर आलं. एकोणचाळीस.

सरांनी शालनची नोकरी कायम केली आणि स्वतः नागपूरला बदली मागून घेतली. काकांनी पाणी लागायच्या आतच विहीर बुजवली. तिथे आता एका कंपनीचं गोदाम आहे. पौषात गावची कुत्री त्यातल्या, विहिरीच्या जागेवरच्या एकाच फरशीवर झोपायला यायची. नव्वदीला टेकलेल्या शालनबाई दरवर्षी जाऊन बघतात.

यंदा कुत्री दाराबाहेरच उभी होती, त्या फरशीकडे बघून गुरगुरत.