भिंतीतली मोजणी

चंद्रावरच्या वसाहतीत नंदिनी तान्ह्या लेकीला घेऊन दवाखान्यातून घरी आली, तेव्हा तिच्या नणंदेने, हेमांगीने, दारातच भाकरतुकडा ओवाळून टाकला. घरात एरवी या दोघीच. साऱ्या वसाहतीची हवा हेमांगीच सांभाळायची. रोज घरोघरची माणसं मोजण्यात फार वेळ जातो, म्हणून गेल्याच आठवड्यात तिने यंत्राला जुन्या नोंदीवर भागवायला शिकवलं होतं.

मागे दार खाडकन बंद झालं.

"वन्सं, काय झालं हो?" नंदिनीने विचारलं.

"घरात माणसं दोन," भिंतीतलं यंत्र शांतपणे म्हणालं, "हवा मात्र जास्त खपतेय. गळती समजून पुरवठा बंद केला आहे."

"अरे, तिघी आहोत आम्ही! मोज परत!" हेमांगी ओरडली.

"मोजणी तुम्हीच बंद केलीत."

बाळाने टाहो फोडला.

"गळती वाढली," यंत्र म्हणालं.