समुद्रकाठची झाडं

पिपरी मेघेहून मालवणला लेकीकडं निघालेल्या देवकाबाईला धाकट्या जावेनं भर आळीत टोमणा मारला, "बाई, तुमाले तिथं करमते का? दोन दिसात घराची याद काढून रडसान!"

देवकाबाई चवताळली. "रडतीन माहे दुश्मन! समुद्रकाठची सारी झाडंझुडपं फोटोत धरून आणतो, तू पाह्यजो!"

शाळेत ती दुसरीपलीकडं गेली नव्हती, पण फोटोचं गोल बटण तिला बरोब्बर सापडायचं. आठवडाभर पदर खोचून ती किनाऱ्यानं हिंडली. लेक मागून हाका मारून दमली, "आई, इकडं पाह्य न!" पण झाड दिसलं की हिचा फोन वर.

परत आल्यावर तिनं आळीतल्या बायांना अंगणात बसवलं आणि ऐटीत फोन जावेच्या हाती दिला. जाऊ एकेक फोटो सरकवू लागली. रुई. एरंडी. धोत्रा. पुन्हा रुई, मग तरोटा.

"माय वं! हे सारं तर आपल्या नाल्याकाठी उगवते. नारळ नाई, सुपारी नाई, अन् समुद्र तर कुठीच नाई. असं काऊन जी, बाई?"

देवकाबाईनं फोन ओढून घेतला आणि स्वतः पाहिलं. बाया पदराआड हसून राह्यल्या होत्या. ती गोरीमोरी झाली, पण मान काही खाली घातली नाही.



"जे ओळखीचं दिसलं, त्याचाच फोटो काढला. त्या समुद्रासंग माही कुठं बोलचाल होती!"