एक परत मिळणारं, एक न मिळणारं

“माझं परत न मिळणारं डिपॉझिट घ्या. हिचं परत मिळणारं,” ताई म्हणाली.

बुकिंगवाल्याचं पेन फॉर्मवरच थांबलं. “दोघींचं एकच केबिन आहे ना? मग एकसारखंच भरा. परत न मिळणारं घेतलंत तर दोघींचं भाडं कमी होईल. नाहीतर दोघींचं परत मिळणारं घ्या, म्हणजे काही झालं तरी पैसे हातात.”

“मी सांगितलं तसं लिहा.”

बेबीने ताईकडे पाहिलं. एकसष्टाव्या वर्षीही ती घरात बेबीच होती. शाळेचे गणवेश शिवण्यात जन्म गेला, आणि आता कुठे समुद्रावर आठ दिवस जहाजाने फिरायचं ठरलं होतं. ठरवलं ताईनेच. आणि आता तीच म्हणत होती, हिचे पैसे परत मिळाले पाहिजेत. म्हणजे, ही येणार नाही.

दुसरं कोणी असतं तर बेबीने हसण्यावारी नेलं असतं. पण ताई चौतीस वर्षं रुग्णालयात नर्स होती. वॉर्डात फिरताना ज्या खाटेपाशी ती जरा जास्त थांबायची, ती खाट दोन-तीन दिवसांत रिकामी व्हायची. हाताखालच्या पोरी सकाळी एकमेकींना हळूच विचारायच्या, आज सिस्टर कुठे थांबल्या? ताईने यावर कधी चकार शब्द काढला नाही.

त्या दिवसापासून बेबीची झोप उडाली. तिने रक्त तपासून घेतलं, हृदय तपासायला छातीची पट्टी काढून घेतली. डॉक्टर म्हणाले, घोड्यासारख्या ठणठणीत आहात. तिला वाटलं, यांना काय कळतंय! मशीनवर बसल्या बसल्या ती मनगट धरून नाडी मोजायची. हातातली शिवणाची कामं तिने पुरी करून दिली, नवीन घेतली नाहीत. कपाटं आवरली. कोणती किल्ली कशाची, ते चिठ्ठ्यांवर लिहून ठेवलं.

“अगं, एवढी आवराआवर कसली चालवली आहेस?” ताईने विचारलं.

“असंच. धूळ फार झाली होती.”

सगळ्यात वाईट सकाळची वेळ असायची. ताई चहा घेऊन यायची आणि बेबीच्या खाटेपाशी थांबायची. कप ठेवून लगेच जायची नाही, नुसती उभी राहायची. बेबी डोळे घट्ट मिटून पडून राहायची आणि मनात आकडे मोजायची. एकदा ती ऐंशीपर्यंत पोचली, तरी पावलं हलली नव्हती.

शेवटी एका सकाळी तिने डोळे उघडले. “ताई, खरं सांग. माझं काय दिसलंय तुला?”

“तुझं काही नाही दिसलं गं, वेडाबाई. ऊठ, चहा निवतोय.”

ताईचा आवाज अगदी मऊ होता. वॉर्डातल्या नातेवाइकांशीही ती याच आवाजात बोलायची, हे बेबीला माहीत होतं.

जहाज सुटायला अठरा दिवस होते. दुपारी बेबी आपल्या प्रवासाचा झगा बेतत होती. ताई शेजारच्या खोलीत आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होती. पान उलटल्याचा आवाज आला. मग बराच वेळ दुसरं पान उलटलंच नाही. बेबीने हाक मारली. ओ आली नाही. तिने पुन्हा मारली. मग हातातली कात्री खाली ठेवून ती उठली, आणि दारापर्यंत जाईतोवर तिला सगळं कळलेलं होतं.

आठवड्याने ती बुकिंग रद्द करायला गेली. बुकिंगवाला तिला पाहून उभाच राहिला. त्याने तिला खुर्ची दिली आणि रद्द करण्याचा अर्ज समोर ठेवला.

“तुमचे सगळे पैसे परत मिळतील. त्यांचे मात्र…”

“माहीत आहे,” बेबी म्हणाली. “तिची पहिल्यांदाच चूक झाली हो. तिला वाटलं, मीच आधी जाणार.”

त्याने अर्जाशेजारी पेन ठेवलं. “चूक नाही झाली. तुम्ही दोघी येऊन गेलात, त्याच्या दुसऱ्या दिवशी मी त्यांना फोन करून बोलावून घेतलं होतं. म्हटलं, तुम्ही वयाने मोठ्या, तुमचं उलट परत मिळणारं ठेवा. तर त्या हसल्या. म्हणाल्या, ‘माझं ठरलंय. त्यात आता परत मागण्यासारखं काही उरलं नाही. तिचं अजून तिच्या हातात आहे, ते मोकळं राहू दे. एकटीला जावंसं वाटलं तर जाईल, नाही वाटलं तर तिचे पैसे बुडायला नकोत.’ मी विचारलं, बहिणीला सांगितलंत का? म्हणाल्या, ‘सांगितलं तर उरलेले दिवस ती नुसती माझ्याकडे बघत बसेल.’”

बेबी ऐकत राहिली. जिना चढताना ताई हल्ली मधेच थांबायची, ते तिला आत्ता आठवलं. चपलांचे पट्टे तिच्या सुजलेल्या पायांत रुतायचे, ते आठवलं. तीन महिने तिने रोज स्वतःची नाडी मोजली होती. ताईचा हात एकदाही हातात घेतला नव्हता.

“सही इथे करा,” बुकिंगवाला हळूच म्हणाला.

बेबीने पेन उचललं नाही. “मी गेले, तर केबिनमधल्या दुसऱ्या खाटेवर कोण येईल?”

“कोणीच नाही. त्यांचे पैसे परत जात नाहीत, तशी त्यांची जागाही दुसऱ्याला देता येत नाही.”

बेबीने अर्ज हलकेच त्याच्याकडे परत सरकवला.

“मग खिडकीजवळची तिच्या नावावर लिहा,” ती म्हणाली. “मी दाराजवळची घेते.”