खात्री केली आहे

टेक्सासमधल्या कोर्टाच्या पायऱ्यांवर मार्लीनने बँकेच्या वतीने कर्ज थकलेलं पहिलं घर लिलावात पुकारलं. "बाई, थांबा!" एक म्हातारा पुढे आला. "हे माझ्या लेकीचं घर. ती फौजेत आहे, कुवेतला." एक गिऱ्हाईक हसलं. "लिलावाच्या दिवशी सगळ्यांचीच पोरं फौजेत असतात, काका!" आधी कर्ज काढून मग फौजेत गेलेल्याचं घर न्यायाधीशाच्या हुकमाशिवाय विकता येत नाही, म्हणून प्रत्येक फाइलीत प्रतिज्ञापत्र लागतं: कर्जदार फौजेत नाही, खात्री केली आहे. या फाइलीतही होतं. शुक्रवारी घरी जायच्या घाईत मार्लीननेच न तपासता सही ठोकली होती. तिने म्हाताऱ्याला लेकीची जन्मतारीख विचारून फोनवर फौजेतल्यांची सरकारी यादी उघडली. दोन मिनिटांत नाव सापडलं. "लिलाव रद्द," ती म्हणाली. "मग पुढचं पुकारा!" गिऱ्हाईक ओरडलं. तिने फाइली मिटल्या. "आज एकही नाही. सगळ्यांवर माझीच सही आहे."