नकाशावरचा गोल

पडद्यावर पुन्हा तोच गोल दिसला. नवी वैमानिक भुवया उंचावून बघत राहिली. टपाल नेणारं छोटं विमान तिच्या ताब्यात येऊन जेमतेम आठवडा झाला होता. विमानासोबत काकांचा, म्हणजे नुकत्याच निवृत्त झालेल्या वैमानिकाचा, हातात मावणारा जीपीएसही तिच्याकडे आला होता. त्याच्या हलत्या नकाशावर काकांच्या जुन्या फेऱ्यांच्या रेघा तशाच होत्या. सगळ्या सुतासारख्या सरळ. फक्त दर मंगळवारी टेकडीपलीकडे रेघ वाट सोडायची, एक गोल घ्यायची आणि मुकाट्याने परत मार्गाला लागायची.

"तिथे आहे तरी काय हो?" तिने मेकॅनिकला विचारलं.

"विचारून विचारून आम्ही थकलो. काकांची अळीमिळी गुपचिळी."

तिला चैन पडेना. सुट्टीच्या दिवशी तिने जीपीएस गाडीच्या काचेजवळ ठेवला आणि निघाली. पडद्यावरचं इवलंसं विमान खड्डे चुकवत चाललेलं बघून तिला हसू फुटलं. गोलाच्या बरोब्बर मधोमध पोचल्यावर तिने गाडी थांबवली. समोर एक कौलारू घर होतं. अंगणात पंचाहत्तरीच्या एक बाई चादरी वाळत घालत होत्या.

"मी टपालाचं विमान चालवते," ती म्हणाली. "आधीचे वैमानिक इथे फेरी मारायचे..."

"आजारी आहे का तो?" बाईंनी घाईने विचारलं. "या मंगळवारी आला नाही."

"बरे आहेत. तुमचे कोण ते?"

बाईंनी चादर दोरीवर टाकली. "माझा मुलगा त्याच्या शेजारी बसायचा. अकरा वर्षांपूर्वी इंजिन बंद पडलं, विमान समुद्रात उतरवावं लागलं. तो वाचला. माझा मुलगा गेला. चूक कुणाचीच नव्हती, चौकशीतही तेच निघालं. पण माझ्या दारात यायचा धीर त्याला झाला नाही. तेव्हापासून दर मंगळवारी वरूनच फेरी."

"तुम्हाला आधार वाटावा म्हणून?"

"त्याला तसंच वाटतं. सुरुवातीला मला तो आवाज सोसत नसे. कानांवर उशी दाबून आत बसायचे. एकदा कशी कोण जाणे, बाहेर आले आणि हात हलवला. विमानाने पंख डोलावले, अगदी वेड्यासारखे. तेव्हा उमगलं, माझ्यापेक्षा तोच जास्त खचलाय. मग अंगात ताप असला तरी बाहेर येऊन हात हलवायचे. निदान त्याचा तरी जीव भांड्यात पडावा."

"ते निवृत्त झाले," ती हळूच म्हणाली. "आता नाही उडणार."

बाई रिकाम्या आभाळाकडे बघत राहिल्या. मग फाटकापाशी गेल्या आणि गंजलेली कडी जोर लावून काढली.

"त्याला म्हणावं, आता रस्त्याने ये."