सतरा नंबरची पिशवी

दार तिच्या बोटांवर आपटलं. चारही बोटं फटीत चेचली, पण तिनं हात काढला नाही. उलट खांदा लावला.

"आधी बाळ दाखव," ती ओरडली. "मग तोड बोटं!"

"ए बाई, डोकं फिरलंय का तुझं? बाळ झोपलंय," आतला माणूस म्हणाला आणि त्यानं दार आणखी जोरात रेटलं.

बाळ झोपलेलं नव्हतं. आतल्या खोलीत ते घसा फोडून रडत होतं.

ती धुलाईवाली होती. पस्तीस घरांतले कापडी डायपर तिच्याकडे धुवायला यायचे. बाहेरून ओल न फुटणारं कापड, पुढे बाळाच्या मापाप्रमाणे लावायच्या टिचबटणांच्या ओळी, आत पॅड सरकवायला खिसा. आठवड्यातून दोनदा तिचा ड्रायव्हर प्रत्येक घरी धुतलेल्या डायपरची नंबर घातलेली पिशवी द्यायचा आणि मळलेल्यांची घेऊन यायचा. आयांची तोंडं तिनं कधी पाहिली नव्हती, पण बाळांचं सगळं तिला ठाऊक असायचं. कुणाचं पोट बिघडलंय, कुणाला औषध चालू झालंय, कुणी पहिल्यांदाच गाजर खाल्लंय.

सतरा नंबरच्या पिशवीत तीन आठवड्यांपूर्वी रक्त दिसलं. पिवळ्या डायपरवर, अंगठ्याएवढं. पुरळ फुटलं असेल, असं म्हणत तिनं तो गार पाण्यात भिजवला, चोळला, उन्हात वाळवला. डाग गेला. पुढच्या पिशवीत तसे दोन निघाले. मग चार. तेही तिनं लखलखीत करून पाठवले. तिच्या हातून डाग राहिला, असं कुणी म्हणायची सोय नव्हती.

आज सकाळी मात्र तिनं त्याच पिशवीतला एक डायपर उघडला. शी नाही, शू नाही, वाससुद्धा नाही. घडी नीट, बटणं लावलेली. आतलं पॅड रक्तानं जड. बटणं दुसऱ्या ओळीत होती, म्हणजे बाळ चारेक महिन्यांचं. एवढ्याशा जिवातून एवढं रक्त? ती ओल्या हातांनीच गाडीत जाऊन बसली.

"मावशी, मी येतो ना वर," इमारतीखाली गाडी लावताना ड्रायव्हर म्हणाला होता.

"तू गाडी चालू ठेव. बाळाला घेऊन थेट दवाखाना गाठायचाय."

दार एकदम उघडलं. ती तोल जाऊन आत पडली. तिला उठायची उसंत मिळाली नाही. त्यानं तिचे केस धरले आणि डोकं भिंतीवर आपटलं. एकदा, दोनदा. मग बरगडीत लाथ बसली. श्वासच अडकला. फुटलेल्या कपाळातलं रक्त डोळ्यांत उतरलं आणि खोली लाल दिसायला लागली.

"माझ्या घरात घुसतेस? माझ्या?"

बाळाच्या रडण्याला आता उचकी लागली होती. ती भिंतीला धरून उभी राहिली.

ते पाहून त्यानं टेबलावरची इस्त्री उचलली. हात वर गेला, तेवढ्यात तिनं मनगट पकडलं. चेचलेल्या बोटांचा तो हात आणि दुसरा धड हात, दोन्हींनी. तीस वर्षं चादरी पिळलेले हात होते ते. शेवटचा थेंब काढावा तसं तिनं ते मनगट पिळलं. कट्कन आवाज आला. तो गुरासारखा ओरडला, इस्त्री खाली पडली. तिनं ती उचलून त्याच्या गुडघ्यावर घातली. तो कोसळला. पुन्हा उठायला लागला, म्हणून आणखी एकदा घातली.

आरडाओरडा ऐकून ड्रायव्हर दोन-दोन पायऱ्या चढत वर आला. काही न विचारता तो त्या माणसाच्या पाठीवर बसला.

"पोलिसांना फोन लाव," ती म्हणाली आणि आतल्या खोलीत धावली.

बाळ पाळण्यात होतं. तिनं डायपरची बटणं काढली. कातडी लोण्यासारखी. ओरखडा नाही, पुरळ नाही, साधी लालीसुद्धा नाही. तिनं त्याला पालथं केलं. काखा पाहिल्या, मान पाहिली, तळपाय पाहिले. तिच्याच कपाळातलं रक्त त्याच्या पोटावर ठिबकत होतं. बाकी कुठे थेंब नव्हता.

"मग कुठून येतंय रे, राजा?" तिनं बाळालाच विचारलं.

न्हाणीघराच्या दारावर आतून कुणीतरी थाप मारली. कडी बाहेरून लावलेली होती.

तिनं कडी काढली. फरशीवर एक तरुण मुलगी बसली होती. एक डोळा सुजून मिटलेला. नाक वाकडं झालेलं. पुढचे दोन दात जागेवर नव्हते. तिनं दोन्ही हात पुढे केले. धुलाईवालीनं बाळ तिच्याकडे दिलं आणि समोर बसली.

"अगं पोरी... मला वाटलं बाळाचं आहे." तिनं कपाळावरचं रक्त पुसलं. "पिशवीत एखादी चिठ्ठी तरी टाकायचीस."

"पिशवी तो तपासूनच बाहेर देतो. फक्त मळक्या डायपरला हात लावत नाही. किळस येते त्याला." फाटलेल्या ओठांनी ती सावकाश बोलत होती. "म्हणून नाकातलं रक्त त्यातच टिपून पाठवत होते, मावशी. तीन आठवडे."

बाळ गप्प झालं. तिनं त्याला छातीशी घट्ट धरलं.

"आणि तुम्ही दर वेळी धुऊन परत पाठवत होतात."